जुनी हवाईयन गिटार नवी करू नका, वाजती करा

माझ्याकडची हवाईयन गिटार मामांची. मामा रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला, आणि ड्युटी संपली की क्वार्टरच्या ओट्यावर सतरंजी टाकून मांडी घालून बसायचे, गिटार मांडीवर आडवी, उजव्या अंगठ्यात नखी, डाव्या हातात स्टीलचा बार. मी सहा-सात वर्षांचा असेन. कोणती गाणी वाजवायचे ते आता नीट आठवत नाही पण दोन सुरांच्या मधला तो सरकता आवाज आठवतो, एखादी म्हातारी ओवी म्हणताना सूर ओढत नेते ना अगदी तसा. मामा गेले त्यानंतर अकरा वर्षं ती गिटार पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होती. अकरा उन्हाळे, तेही परभणीचे. खाली काढली तेव्हा टॉपला, म्हणजे वरच्या फळीला, वीतभर चीर, ब्रिजची, म्हणजे तारा अडकतात त्या घोडीची, मागची कड उचललेली, खुंट्या जाम, तारा गंजून लालभडक. आज मी तीच वाजवतो, भजनात, कार्यक्रमात आणि रोज संध्याकाळी नुसतीच.

लोक मला विचारतात की आजोबांची, काकांची गिटार सापडली आता काय करू. आणि बहुतेकांनी विचारायच्या आधीच ती पॉलिशला दिलेली असते. म्हणून हे सगळं एका जागी लिहायलो. जे काही कराल ते उद्या परत काढता आलं पाहिजे, एवढं एक धरून चाला. जुन्या लाकडाचा आवाज तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं लागलेली असतात, सँडपेपर मारून तो एका दुपारी घालवता येतो.

आधी ही गिटार आहे काय ते ओळखा

मांडीवर ठेवून पोलादी बारनं वाजवायची ही पद्धत हवाई बेटांवरची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, आणि तिचं श्रेय बहुतेक जोसेफ केकुकू या माणसाला देतात. पुढं अमेरिकेत हर्मन वायसेनबॉर्ननं पोकळ मानेच्या गिटारी केल्या, १९२७ च्या सुमाराला नॅशनल कंपनीनं आत धातूच्या थाळ्या बसवलेल्या रेझोनेटर गिटारी काढल्या. आपल्याकडं हे वाद्य रुजलं ते कलकत्त्यात, टाऊ मो नावाचे हवाईयन कलाकार १९४० च्या दशकात तिथं राहिले होते, आणि नंतर बंगालात घरोघरी ही गिटार गेली. रागदारीत तिला ब्रिजभूषण काबरांनी बसवलं, १९६७ सालच्या त्या गाजलेल्या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि तिसरी काबरांची गिटार आहे. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं तेही याच घराण्यातल्या वाद्यावर, त्याला तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जास्तीच्या तारा, जोडून त्यांनी मोहनवीणा केली.

तर तुमच्या माळ्यावरची गिटार बहुतेक अशीच कलकत्त्याची किंवा तिच्या नकलेची, गोल मानेची, साधी. भोकातून आत टॉर्च मारून लेबल बघा. माझ्या गिटारीत कागदाचं चिटोरं आहे, शाई उडालीय, टॉर्च तिरका धरला तर 'कलकत्ता' एवढंच वाचता येतं. ते ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, आधी तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा. भोकाच्या कडेला लाकडाची जाडी दिसते तिथं नीट बघा, वरच्या रेषा तशाच कडेतून खाली उतरत असतील तर टॉप अखंड लाकडाचा, मधे आडवा थर दिसला तर प्लायचा. प्लायची निघाली तरी टाकून देऊ नका, फक्त आवाजाकडून अपेक्षा थोडी कमी ठेवा.

आणि एक आनंदाची गोष्ट. जी जुनी गिटार साध्या पद्धतीनं वाजवायला संपलेली असते, मान थोडी वाकलीय, तारा उंच गेल्यात, पडदे झिजलेत, ती स्लाइडसाठी, म्हणजे बार सरकवून वाजवायला, अजून चालते. कारण इथं तार पडद्यावर दाबायचीच नसते. पडदे फक्त खुणा. दुकानदार "हिच्यात काही राहिलं नाही" म्हणतो ते त्याच्या हिशोबानं खरं असतं, आपल्या हिशोबानं नसतं.

पहिला आठवडा: तारा उतरवा आणि थांबा

माळ्यावरून काढली की लगेच सुरात लावायचा मोह होतो. करू नका. वाळलेल्या लाकडावर एकदम ताण आला की ब्रिज उखडून हातात येतो. जुन्या तारा हळूहळू, सहाही आळीपाळीनं थोड्या थोड्या ढिल्या करून काढा, आणि गिटार घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, माजघरात म्हणा, जमिनीजवळ आडवी ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला टेकवायची नाही.

या आठवड्यात एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या, हवेतला दमटपणा मोजणारं छोटं यंत्र, काही शे रुपयात येतं. स्वस्तातलं असलं की त्याच्यावर एकदम विश्वास ठेवू नका, आधी मिठानं तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओलसर चिखल करा, ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के दाखवायला पाहिजे. ६९ दाखवलं तर तुमचं मीटर सहा कमी दाखवतं, तेवढं लक्षात ठेवायचं आणि पुढं जायचं.

गिटारीला ४५ ते ५५ टक्के मानवतं. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मधे दुपारी खोलीत २० च्या खाली जाताना मी स्वतः बघितलंय, आणि श्रावणात तीच खोली ८० ला. लाकूड आकसतं, फुगतं, परत आकसतं. मराठवाड्यात जुन्या गिटारीचा खरा शत्रू हाच, वापर नाही.

तपासणी

दिवसा उजेडात, निवांत वेळ काढून. बोटाच्या पेरानं टॉपवर जागोजागी टकटक करा, जशी आपण कलिंगडावर करतो. भरीव, गोल आवाज आला तर ठीक, कुठं फडफड किंवा खर्र आलं तर आतली पट्टी सुटलीय. मग दाढीचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च आत घालून त्याच जागी बघा. ब्रिज, म्हणजे आपली घोडी, तिच्या मागच्या कडेखाली साध्या वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. कागद आत शिरलाच नाही तर उत्तम. दोन-तीन मिलिमीटर शिरला तर कमी ताणावर चालून जातं, पण दर महिन्याला तिथंच पेन्सिलची खूण करून बघत राहा. त्याच्यापेक्षा जास्त शिरला तर ब्रिज काढून परत चिकटवावी लागणार.

मानेच्या बुडाशी, जिथं ती पोटाला मिळते, तिथं फट आहे का बघा. आत बारीक भुकटी पडलेली दिसली आणि टाचणीएवढी भोकं असली तर कीड आहे, अशी गिटार दुसऱ्या वाद्यांपासून लगेच लांब करा. डांबरगोळ्या मात्र केसमधे टाकू नका, त्याच्या वाफेनं जुनं पॉलिश आणि प्लास्टिकच्या खुंट्या खराब होतात.

चीर आणि सरस

हा भाग मी सविस्तर सांगणार आहे कारण इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

मे महिन्यात चीर दिसली की माणूस घाबरतो आणि तिच्यात काहीतरी भरतो, लाकडाचा भुसा आणि गोंद, एम-सील, फेविक्विक, काय वाट्टेल ते. मग पाऊस पडतो, लाकूड फुगतं, चिरेला बंद व्हायला जागा राहत नाही आणि शेजारी दुसरी चीर जाते. माझ्या गिटारीची वीतभर चीर मी मे मधे फक्त बघत बसलो. तिच्यात पोस्टकार्डाची कड उभी शिरायची. मृग गेला, आर्द्रा लागल्या, चांगला पाऊस झाला आणि जुलैच्या शेवटी एका सकाळी बघतो तर चीर नखाला लागत नव्हती. तेव्हा चिकटवायची. हाताशी वेळ नसेल तर गिटार मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या स्पंजसोबत, स्पंज लाकडाला न टेकवता, आठ-दहा दिवस ठेवूनही हेच साधता येतं पण पावसानं आपोआप होतं ते जास्त सावकाश आणि चांगलं होतं.

चिकटवायला सरस. जुन्या गिटारी बहुतेक सरसानंच जोडलेल्या असतात, आणि सरसाचं वैशिष्ट्य हे की गरम पाण्यानं तो परत सुटतो, पुढच्या माणसाला काम करता येतं, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. पांढरा ग्लू ताणाखाली हळूहळू सरकतो आणि उन्हात सरसाच्या आधी मऊ पडतो, इपॉक्सी सहज सुटत नाही. सुताराला लागणारं सामान विकतात त्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा, तपकिरी खडे किंवा दाणे मिळतात. एक भाग सरस, दोन भाग थंड पाणी, रात्रभर भिजत घाला. सकाळी तो फुगून जेलीसारखा झालेला असतो. मग भांड्यात पाणी, त्यात वाटी, वाटीत सरस, मंद गॅसवर. तापमान ६० अंशाच्या आसपास ठेवायचं, उकळला की त्याची ताकद गेली. चिमटीत एक थेंब घेऊन अंगठा आणि बोट उघड-मिट करा, बारीक कापसासारखे धागे ओढायला लागले की तयार. घरात माळकरी माणसं असतील तर हे काम स्वयंपाकघरात करू नका, सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात आणि वासही येतो. गच्चीवर, वेगळ्या भांड्यात करा. माझ्या आईनं मला तेवढीच अट घातली होती.

चिरेवर वरून गरम सरस लावा आणि आतून हाताच्या अंगठ्यानं हलकेच वरखाली करत राहा म्हणजे तो खाली उतरतो. वर आलेला सरस कोमट ओल्या फडक्यानं लगेच पुसा. मग आतल्या बाजूला, चिरेवर आडव्या, पाइनच्या खोक्यातल्या पातळ लाकडाच्या बोटाच्या नखाएवढ्या चकत्या बसवा, चकतीच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या पाहिजेत. माझ्या चिरेला चार लागल्या. सरस थंड झाला की पकड जाते म्हणून हिवाळ्यात हे काम करताना घाई होते, आपल्या दमट गरम जुलैत दोन श्वास जास्त मिळतात. चोवीस तास हात लावायचा नाही.

ब्रिज उखडून बसवायची असेल तर आणि तुम्ही हे पहिल्यांदा करत असाल तर नका करू. हार्मोनियम, सतार दुरुस्त करणारा कारागीर शोधा, त्याला सरस कळतो. त्याच्याजवळ बसून राहा आणि दोनच गोष्टी सांगा, टॉप घासायचा नाही आणि पॉलिश मारायचं नाही. मी हे न सांगता एकदा एका शहरातल्या दुकानात माझी दुसरी एक जुनी गिटार ठेवून आलो होतो. परत मिळाली तेव्हा चकाचक होती, जाड चमकदार थर, आणि आवाज असा की तोंडावर रुमाल ठेवून कुणी बोलतंय. ती गिटार आजही तशीच आहे. थर काढायचा तर लाकूड निघतं.

साफसफाई

जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला, आणि मागून लगेच कोरडा तुकडा. बस. स्पिरिट लावू नका, चपडा लाखेचं पॉलिश असलं तर विरघळून निघतं. जवसाचं, शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं. पडद्यांच्या पट्टीला बेबी ऑइलचे दोन थेंब, चोळून, पाच मिनिटांनी पूर्ण पुसून. खुंट्यांच्या दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब आणि दोन दिवस रोज थोडं थोडं फिरवत राहा, जोर लावायचा नाही. माझ्या सहापैकी पाच सुटल्या, सहावी बदलावी लागली, जुनी पाकिटात घालून केसमधे ठेवलीय.

तारा उंच करणं

साध्या गिटारीची तार नटपाशी, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडं तारा टेकतात त्या खाचांच्या तुकड्यापाशी, पडद्यांच्या पट्टीच्या अगदी जवळ असते, त्यावर बार ठेवला की तो पडद्यांवर खडखडतो. तार पट्टीपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर वर पाहिजे. त्यासाठी धातूचा एक्स्टेंशन नट मिळतो, जुन्या नटावर टोपीसारखा बसतो, तारांच्या ताणानंच जागेवर राहतो, चिकटवायचा नाही. काढला की गिटार होती तशी.

दुसरं टोक म्हणजे सॅडल, ब्रिजवरची तारा टेकतात ती बारीक पट्टी. साध्या गिटारीच्या सॅडलला वरून कमानीचा बाक असतो, त्यामुळं मधल्या तारा वर, कडेच्या खाली, आणि सरळ बार सगळ्यांवर सारखा टेकत नाही. हाडाची नवी पट्टी घेऊन वरून अगदी सरळ घासून घ्या, उंची जुन्यापेक्षा एखाद-दुसरा मिलिमीटर जास्त, त्याच्यावर नको कारण सॅडल जितकी उंच तितका ब्रिजला उखडायचा जोर जास्त. स्टीलची फूटपट्टी सहाही तारांवर आडवी ठेवून बघा, खालून उजेड दिसला नाही पाहिजे. जुनी सॅडल फेकायची नाही.

बार

मामांचा बार लोको शेडमधल्या कुण्या फिटरनं लेथवर काढून दिलेला. एक टोक गोल, एक सपाट. सोनाराच्या काट्यावर तोलला तर १९४ ग्रॅम भरला. त्याच्या सपाट टोकापासून दीड बोटावर एक जागा आहे, हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही, उजेडात फिरवला की तिथं चमक जरा मऊ होते. मामांचा अंगठा तिथं बसायचा. माझाही आता तिथंच बसतो, मी ठरवलं नव्हतं.

तुमच्याकडं बार नसेल तर विकत मिळतो, पण छत्रपती संभाजीनगरला वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडं, सहज करून मिळतो. स्टेनलेस स्टीलचा भरीव गोल रॉड, व्यास २० मिलिमीटर, लांबी ८०, एक टोक गोल करून. असा बार साधारण २०० ग्रॅमचा होतो. २२ व्यासाचा घेतला तर २४० च्या आसपास, आस, म्हणजे सूर टिकणं, जास्त राहते पण नवशिक्याचं मनगट लवकर दुखतं. मग वॉटर पेपर, ४०० नंबरपासून ८००, १२००, २००० पर्यंत पाण्यासोबत, आणि शेवटी भांड्यांना बफिंग करतात त्या दुकानात दहा मिनिटं. नख फिरवलं तर कुठंच अडकायला नको. एक बारीक ओरखडा राहिला तरी तो तारेवर सूं सूं करत राहतो आणि तुम्ही गिटारीत दोष शोधत बसता.

तारा आणि सूर

फॉस्फर ब्राँझच्या १२-५३ च्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारा घ्या, जुन्या गिटारीला याच्यावर जाड नको. नेहमीच्या ट्यूनिंगला या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. आपण ओपन डी लावायचं, म्हणजे जाड तारेपासून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. यात एकही तार नेहमीपेक्षा वर चढवावी लागत नाही, चार खाली उतरतात, आठ-नऊ किलो ताण आपोआप कमी होतो. ओपन ए मधे तारा वर चढवाव्या लागतात, ते जुन्या गोल मानेच्या गिटारीला लावू नका.

आपल्या भाषेत सांगायचं तर सा प सा ग प सा, पेटीच्या पांढरी दोन पट्टीत. पुरुष गवय्यासोबत बसायचं असेल तर सगळं अर्धा सूर उतरवून काळी एक ला लावा, गिटारीला आणखी आराम. भजनी मंडळात बसणार असाल तर ट्यूनरच्या ॲपवर नाही, पेटीवर लावा, गावातल्या जुन्या पेट्या ॲपच्या सुराशी जुळतीलच असं नाही. आणि बारीक तारेकडून तिसऱ्या तारेचा शुद्ध गंधार प्रत्येक ठिकाणी चालत नाही. भैरवी, काफी वाजवायची तर ती अर्धा सूर उतरवून कोमल गंधार करा, किंवा अर्धा सूर चढवून मध्यम, सा प सा म प सा, हे मला स्वतःला भजनाला सगळ्यात जास्त आवडतं.

तारा चढवायला तीन दिवस घ्या. पहिल्या दिवशी दोन सूर खाली, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी जागेवर. रोज ब्रिजच्या मागं कागद सरकवून बघायचा.

पहिला महिना वाजवताना

मांडी घालून बसा, गिटारीच्या खाली योगा मॅटचा तुकडा म्हणजे घसरत नाही. गिटारीचं खुंट्यांचं डोकं डावीकडं, जाड तार आपल्या पोटाकडं, बारीक तार लांब. बार तारेवर ठेवायचा, दाबायचा नाही, त्याचं वजन पुरतं. आणि बरोबर पडद्याच्या तारेच्या वर, दोन पडद्यांच्या मधे नाही, बघताना आपलं डोकं पुढं काढून अगदी वरून बघा, तिरकं बघितलं की फसतं. बारच्या मागची डाव्या हाताची दोन-तीन बोटं तारेवर हलकी लोळत गेली पाहिजेत, नाहीतर बारच्या मागची तार पण वाजते आणि सगळं गढूळ ऐकू येतं. मला हे एक जमायला चार महिने लागले.

सुरुवात एकाच तारेवर, भूप रागाची करा. खुला सा, मग दुसरा, चौथा, सातवा, नववा, बारावा पडदा. तानपुऱ्याचं ॲप लावून. आणि इथं एक गोष्ट कळते जी मला कुणी सांगितली नव्हती. मी महिनाभर चौथ्या पडद्यावर गंधार लावायचो आणि तो टोचायचा. कान खराब आहे असं वाटायचं. मग एकदा डोळे मिटून नुसतं तानपुऱ्यात विरघळेपर्यंत बार मागं घेत गेलो, थांबलो, डोळे उघडले तर बार पडद्याच्या चांगला अलीकडं होता. पट्टी लावली, चार मिलिमीटर.

नंतर हिशोब कळला. पडदे बारा सारख्या भागांच्या सप्तकाला मारलेले असतात, तानपुऱ्यातला गंधार षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असतो. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर चौथा पडदा नटपासून सुमारे १३३.७ वर येतो, खरा गंधार १२९.६ वर. धैवतही साडेतीन मिलिमीटर अलीकडं. पंचम जवळजवळ पडद्यावरच. रिषभ उलट एक मिलिमीटरभर पुढं. म्हणून मी म्हणतो पडद्यावरून जागा शोधा आणि कानानं थांबा. तिसरी तार ॲपच्या हिरव्या दिव्यावर लावली असेल तर तीही किंचित उतरवून घ्या, उघड्या तारा एकदम छेडल्या की फरक लगेच कळतो, सगळं एकदम शांत बसतं.

रोज वीस मिनिटं सा पासून ग पर्यंतची एकच मींड, म्हणजे सुरावरून सुरावर न तुटता सरकत जाणं, करा, आधी चार मोजून, मग आठ, मग सोळा. बार कुठंही अडखळला नाही पाहिजे आणि शेवटी पोचल्यावर तिथंच उभा राहिला पाहिजे, थरथरवायचा नाही. थरथर नंतर.

वर्षभर सांभाळ

उन्हाळ्यात कूलर. कूलरच्या झोतात गिटार कधीच ठेवू नका, रात्रभर ओली हवा आणि सकाळी कूलर बंद केला की दोन तासात परत कोरडंठाक, हा हेलकावा नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. गिटार बंद केसमधे, आणि मीटर ३५ च्या खाली गेलं की केसमधे साबणाची डबी, झाकणाला भोकं पाडलेली, आत ओला करून पिळलेला स्पंज. पाणी बोअरचं नको, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, स्पंज पांढरा होऊन कडक होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला जे डिस्टिल्ड वॉटर आणतो तेच वापरा, एक बाटली उन्हाळाभर पुरते. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, तशा साली कूलरला पाणी नसलं तरी या डबीला चार चमचे निघतात.

पावसाळ्यात ६५ च्या वर गेलं तर सिलिका जेलच्या पुड्या, दमट झाल्या की कढईत मंद आचेवर वाळवून परत वापरायच्या. दिवाळीनंतर पुड्या काढून टाका, विसरू नका, कारण तेव्हा हवा परत कोरडी व्हायला लागते आणि पुड्या लाकडाचंच पाणी ओढतात.

प्रवासात गिटार बंद गाडीत उन्हात सोडायची नाही. जालन्याला एका कार्यक्रमाला मी जेवायला म्हणून तासभर गेलो, एप्रिल होता, गाडी उन्हात, आणि परत आलो तर नुकतीच बसवलेली ब्रिज मागून उचललेली. सरस गरमीनं मऊ पडला होता. त्या दिवशी मी उसन्या पेटीवर साथ केली. तेव्हापासून एसटीनं जातो तेव्हासुद्धा ती डिकीत देत नाही, मांडीवर घेतो. चार दिवस वाजवणार नसाल तर तारा एक सूर उतरवून ठेवा, पूर्ण ढिल्या नको.

आणि वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कपड्यानं पुसा, खालून पण, चिमटीत धरून एकेक. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या घामानं तार आठ दिवसात काळी पडते. बार पण पुसा आणि केसमधे लाकडाला लागून ठेवू नका, मामांनी त्याच्यासाठी जुन्या रेल्वेच्या कोटाच्या कापडाची पिशवी शिवलीय, निळ्या सर्जची, तोंडाला पितळी बटण. मी त्याच पिशवीत ठेवतो.